वडिलांबरोबर ब्रिटनमधल्या चर्चमध्ये सहा आठवडे सेवा: व्हिझिटर व्हिसा चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी वीस वर्षांची विद्यार्थिनी आहे. येत्या उन्हाळ्यात वडिलांबरोबर इंग्लंडमधल्या एका चर्चमध्ये सहा आठवडे सेवा करायची तिची इच्छा आहे. वडील ६३ वर्षांचे, निवृत्त. मधुमेह आहे, इंग्रजी जेमतेम. पगार मिळणार नाही, पण राहण्या-जेवण्याची सोय चर्च करणार आहे. साधा व्हिझिटर व्हिसा पुरेल का, बापलेकीचा मिळून एकच अर्ज चालतो का, आणि अर्जात 'काम' लिहावं की 'सेवा', असं तिनं विचारलंय.

मी ब्रिटनमधल्या एका चर्चच्या कार्यालयात १६ वर्षं स्वयंसेवकांचं नियोजन पाहते. बाहेरच्या देशांतून येणाऱ्यांची निमंत्रणपत्रं बहुतेक माझ्याच टेबलावरून जातात. बापलेक, मायलेकी, आई आणि मुलगा अशा जोड्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. या देशात एखाद्याच्या वैयक्तिक प्रकरणात इमिग्रेशनचा सल्ला नोंदणीकृत सल्लागारानं किंवा वकिलानंच द्यायचा, असा १९९९ सालापासून कायदा आहे. त्यामुळे मी नियम कसे वाचायचे ते सांगेन. तुमचा अर्ज मंजूर होईल की नाही यावर काही बोलणार नाही. अर्ज भरण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरचा मजकूर पुन्हा एकदा वाचाच, कारण हे नियम बदलत राहतात.

आता मूळ अडचण. 'काम' लिहायचं की 'सेवा', यावर सगळं अडलंय असं तुम्हाला वाटतंय. अर्ज तपासणारा अधिकारी मात्र तुमचा तिथला दिवस कसा जाणार हे बघतो. सकाळी उठल्यावर कुठे जाणार, किती तास, कुणाच्या सांगण्यावरून, आणि त्याच्या बदल्यात काय मिळणार? या चार गोष्टींची उत्तरं एकदा कागदावर उतरली की कुठला व्हिसा लागेल ते बऱ्यापैकी उघड होतं. आणि ही उत्तरं तुमची वेगळी, वडिलांची वेगळी लिहायची. तुमच्या प्रश्नात सगळीकडे 'आम्ही' आहे. घरात ते बरोबरच आहे. व्हिसाच्या खिडकीवर आणि चर्चच्या नोंदवहीत मात्र तुम्ही दोन स्वतंत्र माणसं आहात, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

आधी व्हिझिटर व्हिसा. त्यावर साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहता येतं आणि काही प्रमाणात स्वयंसेवाही करता येते, पण अटी तीन आहेत. एक, भेटीचा मुख्य हेतू दुसरा हवा. स्वयंसेवा ओघानं आलेली असावी. दोन, ती सगळी मिळून ३० दिवसांपेक्षा जास्त नको. तीन, ज्या संस्थेसाठी करणार ती नोंदणीकृत धर्मादाय संस्था हवी. इंग्लंड आणि वेल्सचा चॅरिटी कमिशन, उत्तर आयर्लंडचा त्याच नावाचा आयोग किंवा स्कॉटलंडचा चॅरिटी रेग्युलेटर, यांपैकी एकाकडे तिची नोंद असायला हवी.

तुमचा बेत या अटींशी ताडून पाहा. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. जाण्याचं कारणच चर्चमधली सेवा. म्हणजे पहिल्या दोन्ही अटींवर तो अडतो. बरेच जण इथे दिवसांची संख्या २९ करतात आणि सुटलो म्हणतात. तेवढ्यानं सुटत नाही. २९ दिवस राहून रोज चर्चमध्येच राबायचं असेल तर मुख्य हेतू स्वयंसेवाच ठरतो. उलट, सहा आठवड्यांची खरीखुरी सहल असेल, नातेवाइकांकडे मुक्काम असेल, पाहायची ठिकाणं ठरलेली असतील आणि अधूनमधून काही दिवस चर्चच्या कामाला हातभार लावणार असाल, तर ते नियमाच्या चौकटीत बसू शकतं. बेत खरा कुठला, हे तुम्हालाच ठाऊक.

तिसरी अट लोकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून तिच्यावर थोडं थांबते. चर्च आहे म्हणजे नोंदणीकृत धर्मादाय संस्था असणारच, असं सगळे धरून चालतात. चर्च ऑफ इंग्लंडच्या आणि इतर काही पंथांच्या ज्या चर्चचं वार्षिक उत्पन्न एक लाख पौंडांच्या आत आहे, अशा बऱ्याच चर्चना कायद्यानं नोंदणीतून सूट दिलेली आहे. कायद्याच्या दृष्टीनं त्या धर्मादाय संस्थाच आहेत, फक्त त्यांच्याकडे स्वतःचा नोंदणी क्रमांक नसतो. आणि व्हिझिटरच्या नियमात शब्द 'नोंदणीकृत' असाच आहे. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या छोट्या चर्चनं एका आई-मुलाला अगदी मनापासून बोलावलं होतं. पत्रात क्रमांकाची जागा रिकामी होती. मी फोन करून विचारलं तेव्हा तिथल्या खजिनदारबाईंनाही पहिल्यांदाच कळलं की आपला क्रमांक नाही. शेवटी त्याच गावात फूड बँक (गरजूंना मोफत शिधा देणारं केंद्र) चालवणाऱ्या वेगळ्या, नोंदणी असलेल्या संस्थेनं त्या दोघांना बोलावलं, आणि चर्चमध्ये ते रविवारच्या उपासनेपुरते गेले. स्कॉटलंडमध्ये हा घोळ नाही. तिथे अशी सूट नसते, प्रत्येक धर्मादाय संस्थेला नोंदणी करावीच लागते.

उपासनेवरून आठवलं. उपासनेला बसणं, गीतं म्हणणं, प्रार्थनेच्या गटात जाणं, उपासनेनंतर चहाला थांबून लोकांशी बोलणं, यातलं काहीच स्वयंसेवा नाही. ते कुठल्याही पाहुण्याला करता येतं आणि त्याचे दिवस मोजायचे नसतात. तुमच्या वडिलांच्या मनात 'सेवा' म्हणून जे आहे त्यातलं बरंचसं कदाचित एवढंच असेल. त्यांना शांतपणे विचारा. एका गृहस्थांची मुलगी माझ्याकडे तीन महिन्यांच्या कामाचं वेळापत्रक मागत होती. त्यांना स्वतःला विचारलं तर म्हणाले, मला रोज सकाळच्या प्रार्थनेला बसता आलं तरी पुष्कळ झालं.

आता राहण्या-जेवण्याचा मुद्दा. पगार नाही म्हणजे काम नाही, हा समज चुकीचा आहे. ब्रिटनचं गृहखातं स्वयंसेवक आणि बिनपगारी कामगार यांच्यात फरक करतं. स्वयंसेवकाशी करार नसतो, तो नोकरमाणसाची जागा भरत नाही, आणि कामाच्या बदल्यात वस्तुरूपानं मोबदला घेत नाही. प्रवासाचा किंवा जेवणाचा वाजवी खर्च भरून मिळाला तर चालतं. आठवड्याला तीस तास काम करा आणि वरची खोली वापरा, अशी देवाणघेवाण असेल तर ती खोली म्हणजे मोबदलाच. पाळकसाहेबांनी ओळखीतून घरी पाहुणे म्हणून ठेवून घेतलं, काम केलं नाही तरी खोली तुमचीच, तर गोष्ट निराळी. दुसऱ्यानं तुमच्या राहण्याचा खर्च उचलायला नियमात मुभा आहे, मात्र त्याच्याशी तुमचं खरं वैयक्तिक किंवा व्यावसायिक नातं असावं लागतं. म्हणून त्या चर्चशी तुमची ओळख कशी झाली, किती वर्षांची आहे, हे दाखवता आलं पाहिजे. गेल्या महिन्यात ईमेलवर ओळख झाली आणि आता सहा आठवडे फुकट ठेवून घेणार आहेत, हे वाचल्यावर अधिकाऱ्याच्या मनात शंका येणारच. त्याच्या जागी मी असते तर मलाही आली असती.

पूर्ण सहा आठवडे चर्चचंच काम करायचं असेल तर त्यासाठी वेगळा व्हिसा आहे: चॅरिटी वर्कर व्हिसा. तो बिनपगारी धर्मादाय कामासाठीच आहे आणि जास्तीत जास्त १२ महिन्यांचा मिळतो. अर्जदार १८ वर्षांचा किंवा मोठा हवा. त्यासाठी बोलावणाऱ्या संस्थेकडे गृहखात्याचा प्रायोजक परवाना असावा लागतो, आणि ती संस्था प्रत्येकाच्या नावे प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र काढते. खात्यात १,२७० पौंड सलग २८ दिवस असल्याचं दाखवावं लागतं, किंवा संस्थेनं तशी हमी द्यावी लागते. अडचण अशी की साध्या गावातल्या चर्चकडे असा परवाना सहसा नसतो. मोठ्या कॅथेड्रलकडे, पंथाच्या मध्यवर्ती संस्थेकडे किंवा निवासी ख्रिस्ती केंद्राकडे असण्याची शक्यता जास्त. तुमच्यासाठी म्हणून एखादं छोटं चर्च परवाना काढेल अशी आशा धरू नका. त्यांच्यासाठी तो खर्च आणि जबाबदारी, दोन्ही मोठी आहे.

आणि इथे 'आम्ही' पुन्हा आडवं येतं. या व्हिसावर अवलंबित म्हणून जोडीदार आणि मुलं येऊ शकतात. आई-वडील येऊ शकत नाहीत. तुम्हाला प्रमाणपत्र मिळालं म्हणून वडिलांना त्याला जोडता येणार नाही. त्यांच्या नावाचं वेगळं प्रमाणपत्र लागेल, म्हणजे ६३ व्या वर्षी, जेमतेम इंग्रजी असताना त्यांनी नेमकं काय काम करायचं हे संस्थेला स्वतंत्रपणे सांगावं लागेल. लेक चॅरिटी वर्कर व्हिसावर आणि वडील व्हिझिटर म्हणून, असंही होऊ शकतं. पण मग वडिलांवर व्हिझिटरच्याच अटी लागू होतील. रोज तुमच्यासोबत कामाला यायचं नाही.

व्हिझिटर व्हिसाचे अर्जही दोन, फी दोन, बोटांचे ठसे दोघांचे. सोबत एकच पत्र जोडून 'आम्ही बापलेक एकत्र प्रवास करतोय' असं सांगायला हरकत नाही, सांगावंच. पण दोन्ही फायली एकमेकींचा आधार न घेता उभ्या राहिल्या पाहिजेत. वडिलांच्या फाइलमध्ये त्यांचं निवृत्तिवेतन, बँकेचे व्यवहार, मागे राहणारं घर आणि माणसं. तुमच्या फाइलमध्ये कॉलेजचं पत्र, पुढचं सत्र कधी सुरू होतं ती तारीख, आणि खर्च वडील करणार असतील तर तसं त्यांचं सही केलेलं पत्र आणि त्यांच्या खात्याचा उतारा, तुमच्या फाइलमध्ये पुन्हा एकदा. 'तो कागद बाबांच्या अर्जात आहे' हे उत्तर चालत नाही. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, तेव्हा तिकिटं काढायची घाई करू नका.

जोडीनं येणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न पहिल्याच फोनवर विचारते: एकाला मिळाला आणि एकाला नाही, तर दुसरा येणार का? विचारायला अवघड वाटतं, पण असं होतं. बहुतेक वेळा तरुण माणसाचा अर्ज नाकारला जातो, कारण मागे परतायला घर, नोकरी, संसार असं काही त्याच्याकडे अजून नसतं. एका कुटुंबात मुलाला नकार आला आणि आईला व्हिसा मिळाला. ठरलं काहीच नव्हतं. बाई मुलाच्या आग्रहाखातर एकट्या आल्या आणि पहिला आठवडा स्टेशनपासून चर्चपर्यंतचा रस्ताही त्यांना धड सापडेना. आम्ही सगळ्यांनी सांभाळून घेतलं, पण त्यांच्या चेहऱ्यावरची ती भीती मला आजही आठवते. तुम्ही दोघांनी हे आत्ताच, घरी बसून ठरवा.

शब्दांबद्दल तुम्ही विचारलं होतं, तर तेही सांगते. निमंत्रणपत्रात 'पद', 'शिफ्ट', 'भत्ता' असे शब्द आले की अर्ज अडचणीत येतो, हे खरं आहे. पण प्रत्यक्षात शिफ्टच लावायची आणि पत्रात 'सेवा' लिहायचं, हे कुणालाही करू देऊ नका, चर्चलासुद्धा नाही. अर्जात फसवणूक केल्याचं ठरलं तर १० वर्षं ब्रिटनचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. वीस वर्षांच्या मुलीसाठी ही फार मोठी किंमत आहे, उद्या तुम्हाला तिथे शिकायला जायचं असेल. चांगलं पत्र साधं असतं. चर्चचं नाव आणि नोंदणी क्रमांक, ओळख कशी, कुठल्या तारखांना कुठल्या कामात हातभार लावणार, दिवसाला साधारण किती तास, करार नाही आणि कधीही थांबता येईल, राहण्याची सोय कुणाकडे आणि कुठल्या नात्यानं. मी दोघांसाठी दोन पत्रं लिहिते, आणि त्यांतला कामाचा परिच्छेद कधीच सारखा नसतो.

इथवरचं एका दमात: बेत आहे तसाच ठेवलात तर व्हिझिटर व्हिसा बसत नाही, बेत बदलून सहल मुख्य आणि सेवा थोडी असा खराच केलात, आणि संस्थेची नोंदणी असेल, तर बसू शकतो, पूर्ण वेळ सेवाच करायची तर परवाना असलेली संस्था शोधावी लागेल, आणि यातलं काहीही असलं तरी अर्ज दोन.

आता कागदांपलीकडचं. वडील सोबत आहेत म्हणून चर्च तुमची तपासणी सोडून देईल असं समजू नका. मुलं किंवा असहाय माणसं जिथे असतात तिथे काम करणाऱ्यांची गुन्हे-नोंद तपासली जाते. इथली सरकारी तपासणी, जिला सगळे डीबीएस म्हणतात, परदेशातल्या नोंदी पाहू शकत नाही, म्हणून बाहेरून येणाऱ्यांकडे त्यांच्या देशातल्या पोलिसांचं प्रमाणपत्र मागितलं जातं. शिवाय बालसुरक्षेचं प्रशिक्षण असतं. थोड्या आठवड्यांसाठी येणाऱ्याला मुलांच्या गटात मी घेतच नाही, आणि कुणी तपासणी न करता घेत असेल तर त्या चर्चपासून सावध राहा. आमच्याकडे आणखी एक नियम आहे: मुलांच्या गटात नेहमी दोन मोठी माणसं हवीत, आणि ती एकमेकांची नातेवाईक नकोत. म्हणजे बापलेक दोघं हजर असले तरी आमच्या हिशेबी ते एकच. काही जणांना याचं वाईट वाटतं. पण चर्चमध्ये मुलांवर जे अत्याचार घडलेले आहेत ते पाहता हा नियम मला अजिबात जाचक वाटत नाही.

तपासणीची गरज नसलेली कामंही पुष्कळ असतात. फूड बँकेत डबे तारखेप्रमाणे लावणं, सकाळच्या कॉफीच्या बैठकीनंतर कपबश्या धुणं, दफनभूमीतलं गवत काढणं, गीतांची पुस्तकं शिवणं-चिकटवणं, वेदीजवळची फुलं. भाषा थोडी आली तरी पुरते, आणि माणसांशी ओळख याच कामांत होते.

आणि जे सांगायला मी मुख्यतः लिहायला बसले, ते हे. तुमच्या वडिलांचं इंग्रजी जेमतेम आहे, म्हणजे तुम्ही तिथे त्यांच्या दुभाषी व्हाल. पहिले दोन दिवस ते ठीक. पुढे तेच तुमचं काम होऊन बसतं आणि त्यांचंही नुकसान होतं. आमच्याकडे आलेली एक मुलगी आईचं प्रत्येक वाक्य स्वतःच पुरं करायची. पंधरा दिवसांत त्या बाईंचा आवाज आम्ही कुणी नीट ऐकला नव्हता. मग मी दोघींचे दिवस वेगळे केले: मंगळवारी आई, गुरुवारी मुलगी. मुलगी माझ्यावर चिडली, आईला एकटं टाकलं म्हणाली. पहिल्या मंगळवारी आई फुलं रचणाऱ्या दोन म्हाताऱ्या बायकांबरोबर तीन तास बसल्या. भाषा नव्हती. हातानं दाखवत, देठ कापत, मान हलवत चाललं होतं. निघताना त्या बायकांनी त्यांना नावानं हाक मारून पुढच्या मंगळवारी यायला सांगितलं. तोवर चर्चमध्ये सगळे त्यांना 'तिची आई' म्हणत होते. मुलीनंही नंतर कबूल केलं की गुरुवारी पहिल्यांदाच ती कुणाशी तरी स्वतःबद्दल बोलली.

म्हणून आठवड्यातला निदान एक दिवस दोघांनी वेगवेगळं काम घ्या. वडिलांच्या खिशात पत्ता, तुमचा नंबर आणि 'मला मधुमेह आहे' असं इंग्रजीत लिहिलेलं कार्ड असू द्या, आणि त्यांना जाऊ द्या. त्यांच्या औषधांची चिठ्ठी मूळ पाकिटांसह हातातल्या बॅगेत ठेवा. प्रवासी विमा घेताना मधुमेह लपवू नका, नाहीतर दाव्याच्या वेळी विमा कंपनी हात वर करते. इथे आपत्कालीन विभागातली तपासणी सगळ्यांना मोफत आहे, पण दाखल करून घेतलं की व्हिझिटरला बिल येतं, तेही सरकारी दराच्या दीडपट. त्यांच्या जेवणाच्या वेळा चर्चला आधीच कळवा. स्वयंसेवकांचं दुपारचं जेवण काम उरकेल तसं मागेपुढे होतं आणि भिडस्त माणूस काही न बोलता उपाशी थांबतो. एक गृहस्थ असेच दफनभूमीत चक्कर येऊन पडले होते. त्यानंतर मी ही गोष्ट कधीही विचारायची राहू दिलेली नाही.

आज करण्यासारखं काम एकच आहे. त्या चर्चला छोटा ईमेल पाठवा आणि तीन गोष्टी विचारा: तुमचा धर्मादाय नोंदणी क्रमांक काय, तुमच्याकडे प्रायोजक परवाना आहे का, आणि एखाद्या साध्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझे वडील काय करतील व मी काय करेन. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांना दोन ओळींत देता येतील. तिसऱ्याला वेळ लागला तर लागू द्या. त्याचं नीट उत्तर येईपर्यंत अर्ज उघडू नका.